फेब्रुवारीत विकलेलं झाड मे महिन्यात जिवंत पाहिजे

मागच्या आठवड्यात अमरावतीहून एका ताईंचा फोन आला. बचत गटातून त्यांना 40 हजार रुपये मिळणार आहेत. साईनगरला स्वतःचं घर, मोठी गच्ची, समोर रस्त्याला लागून थोडी जागा. म्हणाल्या, "दादा, थंडी कमी झाली, लोकं झाडं घेऊन राहिले. रोपांचा स्टॉल टाकतो म्हणते मी. होईन ना धंदा?"

मी म्हटलं, ताई, धंदा होईल. फेब्रुवारीत तर शंभर टक्के होईल. पण एप्रिलमध्ये तेच गिऱ्हाईक दारात येईल तेव्हा त्याला काय सांगाल?

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांना फोनवर जे सांगितलं ते अर्धवट होतं, कारण दुकानात गर्दी होती. म्हणून आज सविस्तर लिहितो. ज्यांना घरची बाग करायची आहे आणि ज्यांना बागेच्या सामानाचा छोटा धंदा करायचा आहे, दोघांनीही वाचा. आपल्या वऱ्हाडात ही दोन कामं वेगळी नाहीत. ज्याला स्वतःच्या गच्चीवर उन्हाळा काढता आला नाही, त्याने दुसऱ्याला झाड विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हे मत मी पैसे मोजून मिळवलेलं आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोल्यातलं आमचं दुकान मुळात प्लास्टिकच्या सामानाचं, वडिलांच्या काळापासूनचं. बादल्या, टब, डबे, आणि एका कोपऱ्यात कुंड्या. कुंडी घेणारं गिऱ्हाईक विचारायचं, भाऊ, झाड नाही का ठेवत? बीबीए झालेलं डोकं, लगेच क्रॉस सेलिंग आठवलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बाहेरगावच्या एका नर्सरीतून 300 रोपं मागवली. पिटुनिया, डायंथस, पॅन्सी, सगळी फुललेली. गाडीभाड्यासकट रोप 14 रुपयांना पडलं, 35 ला विकलं. 18 दिवसांत 260 रोपं गेली. 4,200 घातले, 9,100 आले. कुंड्यांचा नफा वेगळा. मी इतका खुश झालो की त्यावर व्हिडिओही केला. तो आता चॅनेलवर सापडणार नाही, मीच काढून टाकला.

गुढीपाडव्याच्या आसपास फोन सुरू झाले. मग एक दिवस आमच्या जुन्या गिऱ्हाईक काकू रिकामी कुंडी घेऊन दुकानात आल्या. कुंडी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "पैसे नको मले वापस. रोज पानी देल्लं मी. फक्त सांग, काहून मेलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बादलीचा कान तुटला तर मी बदलून देऊ शकतो. झाड का मेलं हेच मला माहीत नव्हतं, कारण मी झाड विकत होतो, लावत नव्हतो. पुढच्या वर्षी त्या 260 रोपांच्या गिऱ्हाइकांपैकी जेमतेम वीस-बावीस लोक रोपांसाठी परत आले. काकू बादलीसाठी येतात अजून, पण झाडांच्या कोपऱ्याकडे बघत नाहीत.

उत्तर नंतर कळलं आणि ते फार साधं होतं. ही सगळी हिवाळी फुलं. पावसाळा संपता संपता पेरायची, थंडीत फुलायची आणि उन्हं तापली की संपायची. काकूंचं काही चुकलं नव्हतं. मी त्यांना शेवटचा महिना राहिलेलं झाड विकलं होतं, आणि ते सांगितलं नव्हतं.

आपला वसंत किती दिवसांचा

दिल्लीच्या राष्ट्रपती भवनातली बाग, जिला 2023 पासून अमृत उद्यान म्हणतात, ती फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकांसाठी उघडते. बातम्यांत ते फुलांचे ताटवे दिसतात. मोबाईलवर पुण्याच्या, बंगळुरूच्या गच्च्या दिसतात. आपल्याकडेही पळस फुलतो, वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा आंबिया बहार धरतो, सकाळी हवा छान असते. माणसाला वाटतं, चला, आता बाग लावू.

थंड देशातला बागवाला एक तारीख धरून चालतो, शेवटचं दहिवर कधी पडेल ती. त्यानंतर त्याचा हंगाम उघडतो. आपलं बरोब्बर उलटं आहे. आपल्याला पहिल्या 40 अंशाच्या दिवसाची तारीख धरावी लागते, कारण तिथं आपला हंगाम बंद होतो. त्यांच्याकडे झाडं जानेवारीत जीव मुठीत धरून असतात, आपल्याकडे मे महिन्यात. आणि आपला मे साधासुधा नाही. 2024 च्या मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला तेव्हा अकोला जिल्ह्यात 31 मेपर्यंत कलम 144 लावावं लागलं होतं. कामगारांना पाणी-पंख्याची सोय करा, क्लासच्या वेळा बदला, असे आदेश निघाले होते. माणसांसाठी जिथं ही वेळ येते तिथं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या झाडाचं काय होत असेल?

म्हणजे वऱ्हाडात झाड लावायचा खरा मुहूर्त मृगाचा, जूनचा. हे कोणताही शेतकरी सांगेल. पण गिऱ्हाईक फेब्रुवारीत येतं, कारण त्याला फेब्रुवारीत हौस येते. आता दोन रस्ते आहेत. त्याच्या हौसेचे पैसे करायचे आणि एप्रिलमध्ये तोंड लपवायचं, हा एक. दुसरा, फेब्रुवारी-मार्चचे हे सहा आठवडे उन्हाळ्याच्या तयारीचे धरायचे आणि त्याला तेच विकायचं जे टिकेल. दुसऱ्या रस्त्यावर गल्ला सुरुवातीला कमी भरतो, हे आधीच सांगतो.

लावायचं काय

नवीन माणसाला दहा झाडं देऊ नका. तीन द्या. माझी तीन ठरलेली आहेत: एक मोगरा, एक गोडलिंब, आणि एक भाजी.

मोगरा आपल्या उन्हाचा राजा आहे. फेब्रुवारीत त्याला शेणखत घालून पाणी सुरू केलं की उन्हाळ्यात कळ्या धरतो. जेव्हा बाकी सगळं मान टाकतं तेव्हा गिऱ्हाइकाच्या घरात वास येतो, आणि तो वास आला की त्याला तुमचं दुकान आठवतं. गोडलिंब चिवट आहे, एकदा रुजला की सहसा दगा देत नाही, आणि रोजच्या फोडणीला लागतो.

भाजीत भेंडी, गवार, बरबटी, चवळाई. वेलाला जागा असेल तर दोडकं, काकडी, ढेमसं. हे सगळं उन्हाळ्यात येणारं. बी फेब्रुवारीत टाकायचं, मार्चपर्यंत झाडाने अंग धरलं पाहिजे. भेंडीवर उन्हाळ्यात पांढऱ्या माशीमुळे पानं पिवळी पडण्याचा रोग येतो, म्हणून त्याला तोंड देणारं वाण घ्या, जसं परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका. ही दोन्ही सुधारित वाणं आहेत, संकरित नाहीत. म्हणजे निरोगी झाडावरची एक-दोन भेंडी वाळू दिली तर पुढच्या वर्षीचं बी घरचंच होतं. हा मुद्दा गिऱ्हाइकाला सांगा, त्याला फार आवडतो. (बी घरचं झालं तर आपलं पाकीट कोण घेईल, असं एकाने प्रशिक्षणात विचारलं. अरे बाबा, पाकीट 30 रुपयांचं. माणूस टिकला तर कुंडी, खत, नेट सगळं तुझ्याकडूनच घेईल.)

टमाट्याचा हट्ट सगळे धरतात. आता लावू नका. दिवसाचं ऊन 35-38 च्या पुढे आणि रात्रही गरम असली की टमाट्याची फुलं गळतात, फळ धरत नाही. झाड हिरवंगार दिसतं आणि माणूस वाट बघत बसतो. टमाटे पावसाळ्यात.

सांबार मात्र लावा. बाहेरच्या वाचकांसाठी, सांबार म्हणजे कोथिंबीर. उन्हाळ्यात बाजारात जुडी महाग होते तेव्हा घरची चार काड्यांची सोय सोन्यासारखी वाटते. धने दोन फाकात फोडायचे, रात्रभर भिजवायचे, पसरट टबात नेटखाली टाकायचे आणि दर दहा दिवसांनी नवा टब पेरायचा. माझ्या दुकानात उन्हाळ्यात सर्वांत जास्त जाणारी वस्तू कोणती विचाराल तर हाच एक फूट रुंद, चार-पाच इंच खोल टब. सांबाराचा टब म्हणूनच मागतात.

फुलंच हवी असं म्हणणारं गिऱ्हाईक असतंच. त्याला सदाफुली, कण्हेर, बोगनवेल, झिनिया, चिनीगुलाब द्या. आणि गुलाब मागितला तर खरं सांगा, की उन्हाळ्यात जिवंत ठेवता येईल, फुलांची आशा दिवाळीनंतर धरा.

माती आणि पाणी, इथंच सगळं अडतं

आपली काळी माती शेतात कपाशीला चांगली, कुंडीत मात्र वैरी. ओली झाली की चिखल, मुळांना हवा नाही. सुकली की भेगा पडतात, कुंडीच्या काठापासून सुटते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. माणसाला वाटतं पाणी दिलं, झाड तहानलेलंच. म्हणून काळी माती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, आणि रेती किंवा कोकोपीट एक भाग. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते तयार नाही. तसंच घातलं तर उष्णता आणि उधई दोन्ही येतात. कोकोपीटची वीट स्वस्तात मिळाली तर दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, त्यात खार असू शकतो.

वरून दोन इंच कुटार पसरा. गव्हाचं, सोयाबीनचं, तुरीचं, जे मिळेल ते. गावाकडे ते ढिगाने पडलेलं असतं. शहरातला माणूस मल्च म्हणून आकर्षक पिशवीतलं काहीतरी ऑनलाइन मागवतो आणि आपल्या सांदवाडीमागे कुटार सडत असतं. दोन किलोच्या पिशव्या भरून ठेवा. यात तुमची मेहनत सोडून दुसरा खर्च फार नाही.

आता पाण्याकडे या, कारण या विषयावर कुणी बोलत नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगाला खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, तिकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. जमिनीखालचं पाणी खारं. पण पट्ट्याबाहेर, शहरातही अनेक बोअरचं पाणी जड असतं. हे पाणी शेतात पावसाने धुऊन तरी निघतं. कुंडीत ते कुठं जाणार? तुम्ही रोज एक लोटा घालता, पाणी उडून जातं, खार मागे राहतो. दोन महिन्यांत कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी पापुद्री दिसते. पानांची टोकं तपकिरी होतात. गिऱ्हाइकाला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी घालतो.

म्हणून मी दुकानात एक टीडीएस मीटर ठेवलाय. दोन-तीनशे रुपयांत येतो. गिऱ्हाइकाला सांगतो, झाड घ्यायच्या आधी घरचं पाणी बाटलीत घेऊन या. हा तपास फुकट. माझा ठोकताळा असा आहे: 500 च्या आत असेल तर काही बघू नका. हजारापर्यंत असेल तर पंधरा दिवसांतून एकदा नळाच्या गोड पाण्याने कुंडी भरभरून धुवा, खालून पाणी वाहेपर्यंत. त्याच्या वर असेल तर गुलाब विकायचाच नाही, कण्हेर, बोगनवेल, चिनीगुलाब यांवर भागवायचं किंवा नळाचं पाणी साठवायचं. दोन हजाराच्या वर असेल तर मी झाड देत नाही, पावसाळ्यात या म्हणतो. पहिल्यांदा असं म्हटलं तेव्हा पत्नीने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. गिऱ्हाईक पैसे काढून उभं आणि हा माणूस नको म्हणतो. पण त्यातली बरीच माणसं जूनमध्ये खरंच आली.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडाला घालायची आपल्याकडे सवय आहे. नका घालू. कूलर दिवसभर पाणी उडवतो आणि खार टाकीत घट्ट होत जातो. आरओमधून वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच. मूळ पाणी नळाचं गोड असेल तर ते चालून जातं, बोअरचं असेल तर ते मूळ पाण्याहून खारट झालेलं असतं. मीटर लावून बघा, वाद संपतो.

पाणी द्यायची वेळ सकाळी लवकर. दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाच्या आधणासारखं असतं, आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी तर त्याहून गरम. ते मुळांवर ओतू नका. फेब्रुवारीत बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. नवशिक्यांची बरीचशी झाडं फेब्रुवारीत जास्त पाण्याने सडतात आणि मे महिन्यात पाण्यावाचून वाळतात. एकच माणूस दोन्ही करतो.

अक्षय्य तृतीयेची एक युक्ती सांगतो. सणाला मातीची छोटी भांडी बाजारात येतात. सण झाला की कुंभाराकडे थोडी पाझरणारी, टवका उडालेली गाडगी उरतात. ती स्वस्तात घ्या. मोठ्या कुंडीत झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण ठेवा. पाणी हळूहळू झिरपत राहतं. रंग दिलेलं गाडगं घेऊ नका, ते झिरपत नाही.

आणि नेट. 50 टक्के सावलीची हिरवी नेट मार्चच्या मध्यापर्यंत बांधून झाली पाहिजे. एप्रिलमध्ये झाड भाजल्यावर बांधून उपयोग नाही. सात-आठ फूट उंच बांधा आणि पश्चिमेकडून खाली सोडा, कारण मारणारं ऊन दुपारनंतर तिकडून येतं. दोऱ्या पक्क्या असू द्या, अवकाळी वादळात नेट शेजाऱ्याच्या डिशवर जाऊन बसते. कुंड्या स्लॅबवर थेट ठेवू नका, दोन विटांवर ठेवा, आणि एकमेकींना चिकटवून ठेवा. नेट बांधून झाली की कात्री आणि खत दोन्ही कपाटात. एप्रिल-मेमध्ये छाटणी नाही, खत नाही, कुंडी बदलणं नाही.

आता हिशोब

रोपाचा धंदा करणारे नवीन लोक इथं फसतात. 100 रोपं 15 रुपयांनी आणली, 1,500. गाडीभाडं 300. झाले 1,800, म्हणजे रोप 18 रुपयांना. 30 ला विकलं, 12 रुपये सुटले. असं वहीत दिसतं. पण फेब्रुवारीत 100 पैकी 20 मरतात असं धरा. मग विकायला 80 राहिली, खरी किंमत साडेबावीस. मे महिन्यात 50 मेली तर रोप 36 ला पडलं आणि तुम्ही 30 ला विकताय. मर किंमतीत धरायलाच पाहिजे. माझ्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आहे, रोज संध्याकाळी मेलेली रोपं मोजून लिहितो. नको वाटतं, पण लिहितो.

बाहेरून आलेलं रोप लगेच विकू नका. ते पॉलिहाऊसच्या लाडात वाढलेलं असतं. आठ-दहा दिवस आपल्याकडे नेटखाली ठेवा, हवा लागू द्या. कच्ची असतील ती तुमच्याकडेच मरतील. नुकसान तुमचं, हो. पण गिऱ्हाइकाच्या घरी मेलेलं रोप त्याहून महाग पडतं, ते मी वर सांगितलंच.

ही धीराची गोष्ट आपल्याच भागात बघायची असेल तर वरुड तालुक्यात शेंदुरजनाघाटला जाऊन या. संत्र्याच्या कलमांचा तिथला धंदा सगळ्यांना माहीत आहे. जंभेरीचं नाहीतर रंगपूर लिंबाचं बी पेरायचं, त्याचा खुंट वाढवायचा, त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा, आणि मग पावसाळ्यात कलम शेतकऱ्याच्या हाती द्यायचं. दीड-दोन वर्षं पैसा मातीत. फेब्रुवारीत हवा छान आहे म्हणून तिथं कोणी कलमांची घाई करत नाही. आपण गच्चीवाले छोटे लोक, आपला हंगाम लहान, पण घेणाऱ्याकडे झाड कधी जगेल हे बघून विकायचं, एवढं तिथून उचलता येतं.

मग उन्हाळ्यात कमवायचं काय? माझ्याकडे एप्रिल-मेमध्ये रोपांची विक्री जवळपास बंद असते. तेव्हा नेट बांधून देणं, कुटार, सांबाराचे टब, पाझरती गाडगी, यावर कोपरा चालतो. आणि तीन वर्षांपासून एक गोष्ट सुरू केलीय, झाडांचं पाळणाघर. मे महिन्यात लोक मामाच्या गावाला जातात. चार दिवसांत गच्ची वाळून जाते. त्यांच्या कुंड्या आम्ही आमच्या नेटखाली आणून ठेवतो, कुंडीमागे दिवसाला 2 रुपये. 20 कुंड्या, दहा दिवस, 400 रुपये. ने-आण वेगळी. पाणी घालणाऱ्या पोराचा पगार काढला की हातात फारसं उरत नाही, खोटं कशाला बोलू. पण गेल्या उन्हाळ्यात अकरा घरच्या कुंड्या होत्या, आणि मृगाचा पाऊस पडल्यावर त्यातल्या नऊ घरांनी नवीन झाडं माझ्याकडून नेली. जाहिरातीवर तेवढे पैसे घातले असते तर नऊ घरं मिळाली असती का, माहीत नाही.

एक कायद्याचं. रोप विकणं वेगळं आणि बियाणं विकणं वेगळं. बियाणांचं पाकीट विकायला 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाना लागतो. खतासाठी 1985 चा आदेश आहे, कीटकनाशकासाठी 1968 चा कायदा. फळझाडांच्या रोपवाटिकेचा परवाना आणखी वेगळा. मला पहिल्या वर्षी यातलं काही ठाऊक नव्हतं, बियाणांची पाकिटं सरळ काउंटरवर लावली होती. कृषी विभागात जाऊन आधी विचारा, मग माल भरा. तोपर्यंत गिऱ्हाइकाला बियाणं अकोल्याला कृषी विद्यापीठातून किंवा परवानाधारक कृषी केंद्रातून घ्यायला सांगा, त्यात कमीपणा नाही. कीड पडली तर औषध विकण्यापेक्षा निंबोळी अर्क करायला शिकवा: 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळीचा कूट एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी गाळायचा, थोडं साबणाचं पाणी टाकून संध्याकाळी फवारायचा.

त्या ताईंना फोनवर मी एवढंच म्हटलं होतं की 40 हजारांतले 30 हजार बाजूला ठेवा, जूनपर्यंत हात लावू नका. बाकी दहात नेट, पन्नास कुंड्या, माती आणि तीस-चाळीस मोगरे-गोडलिंब. स्टॉल नको, आधी गच्ची. आणि रोपं आणायच्या आधी बोअरचं पाणी मोजा. त्यांना ते फारसं पटलं नसावं, कारण आवाज पडला होता. कर्जाचा हप्ता मृगाची वाट बघत नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं आणि ते खरंही आहे. हप्त्यासाठी काय करता येईल तर सांबाराचे टब. आत्ता पेरले तर महिन्या-सव्वा महिन्यात कापणी, आणि गल्लीतल्या बायका जुडी न्यायला येतील तेव्हा गच्ची पण बघतील.

काल त्यांनी मीटरचा फोटो पाठवला. 1,140. खाली लिहिलं होतं, "दादा, हे जास्त आहे का?" आता त्या नळाचं पाणी साठवायला 500 लिटरची जुनी टाकी शोधतायत. अमरावतीत कोणाकडे चांगल्या स्थितीतली असेल तर कळवा.